‘फिरदौस’ वाशिमला कधी येणार?

फिरदौस हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एक-दोन फिरदौस असतातच, एक शाळेत जाणारी, एक लग्न होऊन अकोल्याला गेलेली. कुरआनात हा शब्द दोनदा येतो, एकदा सूरह कहफमध्ये आणि एकदा सूरह मोमिनूनमध्ये. जन्नतीतली सगळ्यात वरची जागा, असा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. शब्दाचं मूळ मात्र प्राचीन इराणी भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ साधा होता: कुंपण घातलेली जागा, बाग. तिथून तो एका वाटेने अरबीत आला, दुसऱ्या वाटेने ग्रीकमध्ये गेला आणि पुढे इंग्रजीत ‘पॅरेडाइज’ झाला.

२०१३ साली याच नावाचा एक रॉक अल्बम मुंबईत निघाला. बँडचं नाव ‘कोशिश’. भाषा हिंदी, म्हणजे आपण घरात बोलतो तीच, थोडी स्वच्छ केलेली. आणि ज्या घरांत ‘फिरदौस’ आणि ‘कोशिश’ हे दोन्ही शब्द रोज बोलले जातात, त्या घरांपर्यंत हा अल्बम पोहोचलाच नाही. मी वाशिम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जितक्या लोकांना विचारलं, त्यातल्या एकानेही हे नाव ऐकलेलं नव्हतं. ज्यांनी ऐकलंय असं वाटलं, त्यांना गुलजारचा १९७२ चा सिनेमा आठवत होता. संजीवकुमार आणि जया भादुरी, ऐकू न येणाऱ्या जोडप्याची गोष्ट. बँडने रोमन अक्षरांत आपलं नाव ‘के’ऐवजी ‘सी’ने लिहिलंय, बहुधा याच गोंधळातून सुटण्यासाठी. देवनागरीत ती सोय नाही.

हा लेख त्या बँडबद्दल आहे, पण तेवढ्यासाठीच लिहीत नाही. हे संगीत ज्यांना समजलं असतं त्यांच्यापर्यंत ते का आलं नाही, हे मला लिहायचं आहे.

मी पुण्यात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या खोलीत चार जण. त्यातला एक नाशिकचा मुलगा दिवसरात्र कानात काहीतरी घालून बसलेला असायचा. त्याने एकदा मला मुंबईच्या एका कॉलेज महोत्सवाला ओढत नेलं. जनरल डब्यात उभं राहून गेलो. तिथे मैदानावर एकामागून एक बँड वाजत होते, बहुतेक इंग्रजीत ओरडत होते आणि मला डोकेदुखी सुरू झाली होती. मग चार पोरं आली. बोलली नाहीत. एका गिटारवर अगदी हळू, तेच ते चार-पाच स्वर, परत परत. मागे ढोल नाही, टाळ्या नाहीत. मला वाटलं, वाद्यं जुळवताहेत. दोन-तीन मिनिटांनी लक्षात आलं की गाणं केव्हाच सुरू झालंय. दुसरी गिटार तिच्यावर चढली, मग ड्रम आले, पण सरळ नाही, पाय कुठे टाकावा ते कळू नये असे. आणि मग गायकाने तोंड उघडलं तर हिंदी! शब्द नीट कळले नाहीत. आपल्याकडच्या खुल्या मैदानांवर आवाजाची व्यवस्था कशी असते ते माहीत आहेच, गायकाचा आवाज गिटारींच्या खाली पार दबलेला. पण एखादा शब्द वर यायचा, ‘रास्ते’, ‘माया’, आणि परत बुडायचा. तेव्हा अल्बम निघालेला नव्हता. घरी येऊन ऐकायला काही नव्हतं. जे ऐकलं ते डोक्यात घेऊन परत पुण्याला.

मैफलीतून ओळख होण्याची गंमत अशी की तुमच्याकडे पुरावा नसतो. नाशिकच्या मित्राशिवाय कुणाला सांगताही येत नव्हतं की काय ऐकलं. पुढे आणखी दोनदा त्यांना ऐकलं. प्रत्येक वेळी ते गाणं थोडं वेगळं वाटलं, आणि मला कळेना की त्यांनी बदललंय की मी.

बँडमधली चार नावं सांगतो. मंगेश गांधी गातो. अनीश नायर आणि श्रीकांत श्रीनिवासन गिटारवर. ड्रमवर हमझा काझी. ही नावं एका दमात वाचली की मुंबईच्या लोकलचा डबा वाटतो. मी हे इथे एका मित्राला सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न काय विचारावा? “मग त्यात आपलावाला ड्रमवर आहे का?” मी म्हटलं, चौघेही आपलेच आहेत, तू आधी ऐक तर. प्रत्येक गोष्टीत आपला माणूस मोजायची ही सवय आपल्याला कशामुळे लागली ते मला कळतं, त्यात आपला एकट्याचा दोष नाही. पण गाणं ऐकताना तरी तिला बाहेर चपलांपाशी ठेवावं.

आता ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. रेडिओला तीन मिनिटांचं गाणं लागायचं. मुखडा, अंतरा, मुखडा, संपलं. या पोरांनी ठरवलं की गाणं जितकं लांब व्हायला हवं तितकं होऊ दे. १९६९ मध्ये किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला. १९७२ मध्ये ‘येस’ नावाच्या बँडने अठरा मिनिटांहून लांब गाणं केलं, ते रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापायचं. त्याच वर्षी जेथ्रो टलने दोन्ही बाजू मिळून एकच गाणं काढलं. या संगीतात ताल मध्येच बदलतो, एक गाणं दुसऱ्यात शिरतं, अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक गोष्ट सांगतो. टीकाकारांनी याला भपकेबाज म्हटलं, काही वेळा ते खरंही होतं. पिंक फ्लॉइडला मात्र जगाने डोक्यावर घेतलं.

हे सगळं ऐकून आपला माणूस म्हणतो, हे शहरी, इंग्रजी शाळेतल्या पोरांचं काम. आपल्याला ते झेपायचं नाही.

मी नेमकं उलट म्हणतो. आपल्यालाच ते आधी झेपायला हवं.

मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर ज्याने कव्वाली ऐकली असेल त्याला विचारा, गाणं केवढं लांब असतं. कव्वाल आधी नुसती हार्मोनियम घेऊन बसतो. मग एखादा शेर, तालाशिवाय. मग दुसरा शेर, जो मूळ कलामातला नाहीच, गाठ बांधायला बाहेरून आणलेला. दहा मिनिटं झाली तरी मुखडा आलेला नसतो आणि कुणी उठत नाही. मग ढोलक पडते, टाळ्या चढतात, एकच ओळ वीस वेळा येते आणि विसाव्या वेळी समोरचा म्हातारा उठून उभा राहतो. तीन मिनिटांत हे होत नाही. ज्या कानांना ही सवय आहे त्यांना अठरा मिनिटांच्या गाण्याची काय भीती? आणि हे फक्त दर्ग्यावरचं नाही. सप्त्यातलं रात्रीचं कीर्तन ऐकणारा माणूसही हेच ऐकतो. आधी एक अभंग, मग निरूपण, मग आख्यान, मग सगळं फिरून त्याच अभंगावर. लांब ऐकण्याची तालीम आपल्या गावांना दोन्ही बाजूंनी मिळालेली आहे.

माझे मामू ढोलक वाजवतात. कव्वालीच्या पार्टीत तीस-पस्तीस वर्षं घालवली, आता गुडघे दुखतात म्हणून कमी केलंय. त्यांच्यावर मी एकदा प्रयोग केला. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ लावलं, १९७३ चं. सुरुवातीला नाण्यांचा, गल्ल्याचा आवाज आहे, तो ऐकून हसले. म्हणाले, किराणा दुकानावर गाणं आहे का? मी त्यांना समजावू लागलो की बघा, याचा ताल विचित्र आहे, पाश्चात्त्य लोक यावर लेख लिहितात, चारऐवजी सात मात्रा आहेत. त्यांनी मांडीवर बोटं आपटली, एक आवर्तन, दुसरं आवर्तन, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं एखाद्याने त्यांना भाकरी कशी खातात ते शिकवावं.

“ये तो रूपक है रे. इतना क्या समझा रहा मेरे को?”

रूपक. सात मात्रा, तीन-दोन-दोन. किती गझला आपण रूपकात ऐकल्या, मोजल्याही नाहीत. मामूंचा प्रश्न पुढचा होता: रूपकात पहिल्या मात्रेवर खाली असते, हा गोरा सम कुठे धरतो? मला उत्तर आलं नाही. मग गाण्यात गिटार एकटी वाजू लागते ती जागा आली. तिथे ताल बदलून चारचा होतो, हे मी वाचलेलं होतं. मामूंनी वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या आवर्तनाला बोटं थांबली. “भाग गया. कहरवे पे आ गया. सात में गिटार नहीं जमी उसको.” इंग्लंडमधल्या समीक्षकांनी पानंच्या पानं खर्च केली त्या गोष्टीवर मामूंनी चहा संपायच्या आत निकाल दिला.

हा योगायोग नाही, हे सांगायला एक मोठं उदाहरण आहे. जेनेसिस हा त्या काळातला मोठा प्रोग्रेसिव्ह बँड. त्याचा एक संस्थापक आणि गायक पीटर गॅब्रिएल. १९७५ मध्ये त्याने बँड सोडला. पुढे त्याने ‘वोमॅड’ नावाचा जगभरच्या संगीताचा महोत्सव उभा केला, आणि १९८५ मध्ये त्याच महोत्सवाच्या मंचावर इंग्लंडमध्ये नुसरत फतेह अली खान बसले. समोरच्या गोऱ्या लोकांना एक शब्द कळत नव्हता. नंतर गॅब्रिएलच्याच रिअल वर्ल्ड कंपनीने १९८९ मध्ये नुसरतसाहेबांचा ‘शहेन-शाह’ काढला, मग ‘मस्त मस्त’. लांब गाण्याचा ध्यास असलेला तो माणूस शोधत शोधत कव्वालीपाशी आला. आपण कव्वालीत जन्मलो आणि तिकडे जायला लाजतो.

संगीत जायज की नाजायज, या वादात मी इथे शिरत नाही. ज्यांना नको त्यांनी ऐकू नये, त्यांचा मला आदर आहे. पण जे घरी कव्वाली ऐकतात, लग्नात डीजे लावतात आणि पोराच्या मोबाईलमध्ये गिटार वाजली की “ये क्या शैतानी है” म्हणतात, त्यांच्याशी मात्र माझं भांडण आहे.

अल्बमकडे येतो. ‘फिरदौस’मध्ये दहा गाणी आहेत. आणि बँडने एक खोडी केली आहे: ही गाणी मुद्दाम उलटसुलट क्रमाने दिली. सगळी मिळून एका माणसाच्या प्रवासाची गोष्ट होते, पण ती गोष्ट लागते गाणी बरोबर क्रमाने लावली तरच. तो क्रम ओळखण्याच्या खुणा अल्बमच्या चित्रांत लपवलेल्या. म्हणजे सीडी घ्या, चित्रं निरखा, गाणी ऐका, पुढेमागे करा, परत ऐका. अल्बम ऐकणं हे काम आहे, असं सरळ सांगणारी ही मंडळी. त्या वर्षांत मोबाईलवर एक-एक गाणं सुटं करून ऐकायची सवय लागली होती, आणि यांनी उलट दिशेला पाऊल टाकलं. आता तर ॲप स्वतःच गाणी पिसून देतं. २०२१ मध्ये अडेल या गायिकेने विनंती केली तेव्हा कुठे स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं ते आपोआप पिसणं काढलं. यांनी आधीच पत्ते पिसून हातात दिले आणि म्हणाले, आता तूच लाव.

माझ्यापर्यंत अल्बम कसा आला ते सांगण्यासारखं आहे. तोवर मी गावी परतलो होतो. त्या वेळी आपल्याकडे मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायचे. वीस-तीस रुपये द्या, कार्ड द्या, अर्ध्या तासाने या. ‘नये गाने’, ‘पुराने सॅड’, ‘कव्वाली’, ‘डीजे रिमिक्स’ असे फोल्डर. नाशिकच्या मित्राने सीडी विकत घेतलेली, त्याच्यावरून त्याने मला गाणी पेन ड्राइव्हवर दिली, कुरियरने. (हे बरोबर नव्हतं हे कळतं, पण सीडी वाशिममध्ये मिळत नव्हती आणि अकोल्यातल्या दुकानदाराने नाव तीनदा विचारून चौथ्यांदा हात जोडले.) ती कार्डावर चढवायला दुकानात दिली. मोबाईलने ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावून टाकली. बँडने एकदा पिसलेले पत्ते मोबाईलने दुसऱ्यांदा पिसले. चित्रं तर माझ्याकडे नव्हतीच. ‘भुला दो उन्हें’ आधी आणि ‘वो खो गए’ शेवटी, हा माझा क्रम, निव्वळ बी आणि डब्ल्यू या अक्षरांनी ठरवलेला. तसा मी तो अल्बम कित्येक महिने ऐकला, आणि सांगतो, तशीही एक गोष्ट तयार होत होती. आधी विसर म्हणतात, शेवटी हरवल्याचं कळतं.

गाण्यांची नावं बघा. ‘मुक्ती’, ‘माया’, ‘लक्ष्य’ एका बाजूला. ‘रास्ते’, ‘कोशिश’, आणि सगळ्यांवर छत म्हणून ‘फिरदौस’ दुसऱ्या बाजूला. संस्कृत आणि फारसी एका ताटात, आणि कुणी कुणाला टोचत नाही. कारण ज्या मुंबईत ही पोरं वाढली तिथे ती भाषा अशीच आहे. भाषेच्या शुद्धीकरणाची जी मोहीम सध्या दोन्ही बाजूंनी जोरात आहे, तिच्याशी हा अल्बम वाद घालत नाही. त्याला तो वाद आहे हेच जणू माहीत नाही. मला ते फार आवडलं.

आणखी एक गोष्ट आवडली, ती म्हणजे त्यांनी स्वतःला ‘सूफी’ म्हणवून घेतलं नाही. १९९७ मध्ये पाकिस्तानातल्या जुनूनचं ‘सय्योनी’ आलं आणि टीव्हीवर, पानठेल्यांवर वाजलं. ते गाणं चांगलंच होतं. पण त्यानंतर आपल्याकडे सूफी हा एक मसाला झाला. गाण्यात दोनदा ‘मौला’ टाकलं, आवाज थोडा फाडला की सूफी रॉक. ‘फिरदौस’ असं नाव असताना हिरवी चादर आणि कबूतरं दाखवणं किती सोपं होतं! त्यांनी तो रस्ता घेतला नाही. शब्द घेतला आणि त्याच्या मागे असलेली तडफड घेतली.

स्तुती पुरे. माझी तक्रार अशी की शब्द फार मोठे आहेत. माया, मुक्ती, लक्ष्य, हे सगळं ठीक, पण या प्रवासात एखादी गल्ली का नाही? एखादं स्टेशन, एखाद्या माणसाचं नाव? कव्वालीत कितीही उंच गोष्ट असली तरी मध्येच घागर येते, पनघट येतो, चुनरी येते, आणि ऐकणाऱ्याला पाय टेकायला जागा मिळते. इथे मला बऱ्याचदा हवेत राहावं लागलं. दुसरं, कोड्याची गंमत काही वेळा गाण्याच्या आड येते. क्रम लागला की नाही या नादात मी दोन गाणी अनेकदा ऐकली पण ऐकलीच नाहीत. आणि मैफलीत ज्या शांत जागांनी मला धरून ठेवलं होतं, त्या अल्बममध्ये थोड्या आखूड वाटल्या. कव्वाल रेकॉर्डवर आणि दर्ग्यावर वेगळा असतो, तसंच असावं. मला विचाराल तर अल्बम शब्दांसाठी ऐकावा आणि बँड प्रत्यक्ष ऐकावा.

आणि अडचण इथेच आहे. प्रत्यक्ष ऐकणार कुठे?

मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा महोत्सव व्हायचा, त्याचं घर म्हणजे हे रंगभवन. तिकीट खिशाला परवडेल असं, बाकावर बसा नाहीतर उभे राहा, कॉलेजची पोरं लोकलने यायची आणि शेवटच्या लोकलने जायची. पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि तिथल्या मैफली बंद पडल्या. नियमाला मी चूक म्हणणार नाही, शेजारी रुग्णालय आहे. पण त्याच्या बदल्यात तशी दुसरी जागा कुणी उभी केली नाही. जागा भरून काढली ती लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारातल्या क्लबांनी. २००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झाला, २०१६ मध्ये बंद झाला. आवाजाची व्यवस्था उत्तम होती असं सगळेच सांगतात, आणि ते नाकारायचं कारण नाही. अशा जागा नसत्या तर स्वतःची गाणी वाजवणारे कित्येक बँड मेले असते.

पण या व्यवस्थेत गाण्याचा खर्च दारू उचलते. लोक पितात म्हणून मंच चालतो. याचा अर्थ असा की ज्याला प्यायची नाही, ज्याच्या घरी चालत नाही, ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत, त्याला त्या दारावरच कळतं की ही जागा आपल्यासाठी नाही. मी पुण्यात एकदा अशा एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. आत शिरायचे पैसे दिले. अर्ध्या तासात चार वेळा येऊन विचारलं, सर, काय घेणार? पाचव्यांदा मी पाण्याची बाटली मागवली, तिचे पैसे आमच्या मेसच्या दोन जेवणांएवढे. समोर बँड एक नाजूक जागा वाजवत होता आणि माझ्या शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. मी त्या लोकांना दोष देत नाही. त्यांनी जेवणाचे पैसे मोजलेले होते. ते गाणं ऐकायला आलेच नव्हते, गाणं त्यांच्या जेवणाला आलं होतं.

हे फक्त मुसलमान पोरांचं दुःख आहे असं कुणी समजू नये. वारकऱ्याच्या घरातला मुलगा, एकटी जाणारी मुलगी, अठरा वर्षांचा विद्यार्थी, सगळे त्याच दाराबाहेर आहेत. म्हणून तर हे संगीत टिकलं ते कॉलेजांच्या मैदानांवर. २००९ मध्ये इंग्लंडचा पॉर्क्युपाइन ट्री हा मोठा प्रोग्रेसिव्ह बँड मुंबईत वाजला तो आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात, कुठल्या क्लबात नाही. मीही कोशिशला पहिल्यांदा ऐकलं ते मैदानावरच. तो नाशिकचा मित्र मला क्लबात नेतो म्हणाला असता तर मी गेलोच नसतो, आणि हा लेख झाला नसता.

कव्वालीच्या मैफलीकडे बघा. दर्ग्याचं आवार. दरी अंथरलेली. तिकीट नाही. ज्याला द्यायचं तो नोट ठेवतो, ज्याला नाही तो मागे भिंतीला टेकून ऐकतो, आणि कव्वाल भिंतीला टेकलेल्याकडेही बघून गातो. त्यात हिंदू येतात, बंजारा येतात, बाया वेगळ्या बसून का होईना पण येतात. कीर्तनाचंही तेच. अवघड, लांब, शब्दांनी भरलेलं संगीत शेकडो वर्षं फुकट ऐकवण्याची व्यवस्था आपल्या गावांनी उभी केली, वर्गणीवर चालवली. मग जे लोक म्हणतात की लहान गावात गंभीर संगीताला श्रोता नाही, त्यांना मी विचारतो: तुम्ही दरी अंथरून बघितली का कधी?

वाशिमला काय नाही? जिल्हा होऊन १९९८ पासूनची वर्षं मोजा. कॉलेजं आहेत, सभागृहं आहेत, लग्नाची लॉनं तर मोजता येणार नाहीत. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. मुंबईतून निघालेली गाडी ड्रम आणि गिटार घेऊन एका दिवसात इथे पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला वाजवते. नाशिक, संभाजीनगर, वाशिम, अमरावती, नागपूर, असा एक फेरा सहज होतो. तमाशाचे फड आणि कव्वालांच्या पार्ट्या रस्ते खराब होते तेव्हापासून असाच फेरा करत आल्या. खर्च? आपल्याकडे एका मिरवणुकीच्या डीजेला जे मोजतात त्यात चार पोरांचं भाडं, राहणं, जेवण आणि बिदागी निघेल, असा माझा अंदाज आहे, आणि मी डीजेच्या दोन बिलांवर सही केलेली आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक संध्याकाळ, पन्नास रुपये तिकीट, खुर्च्या नको, दरी. बाहेर चहा. आणि गाण्याआधी मामूंसारख्या कुणीतरी दहा मिनिटं ढोलक वाजवून सात मात्रा दाखवाव्यात, म्हणजे पुढच्या गोंगाटात पोरांना धरायला दोर मिळेल.

कुणी म्हणेल, पोरं येणार नाहीत. पहिल्या वर्षी पन्नास येतील. त्यातली वीस मध्यंतरात जातील. तीस उरली तरी माझी तक्रार नाही. त्या तिसांतल्या चौघांना वाटेल की हे आपणही करू शकतो, आणि करतील ते मराठीत करतील नाहीतर आपल्या घरातल्या त्या अर्ध्या वऱ्हाडी, अर्ध्या दखनी बोलीत. माझी जी तक्रार आहे, गल्ली नाही, स्टेशन नाही, ती तेच पोरगं दूर करेल. त्याच्या गाण्यात पूर्णा-अकोला गाडी येईल, सोयाबीनचा भाव येईल. लांब गाणं येईल आणि कुणी घड्याळ बघणार नाही.

तोवर जे आहे ते असं: माझ्या भाच्याला, तो अकरावीत आहे, मी ‘फिरदौस’ची दहा गाणी दिली आणि म्हटलं, क्रम लाव. बँडने ठरवलेला क्रम मी इथे सांगणार नाही, ज्यांना ऐकायचंय त्यांची मजा जाईल. भाच्याने एक आठवडा घेतला. वहीच्या मागच्या पानावर यादी लिहून आणली. त्याने ‘रास्ते’ शेवटी ठेवलंय. मी विचारलं, रस्ता शेवटी कसा असेल रे? तो म्हणाला, मामू, मुक्ती झाल्यावरच तर माणूस मोकळा होतो कुठंबी जायला. मी म्हटलं, नाही, ते पहिलंच असणार. यावर आमचं एकमत झालेलं नाही. त्याच्या मोबाईलमध्ये त्याचा क्रम आहे, माझ्या मोबाईलमध्ये माझा.